मोरीवरची बारा भांडणं

जयसिंगचे दोन दात शंभूनं पाडले ते पिरंगुटला, सलूनच्या समोर, भर बाजाराच्या दिवशी, आन् तेबी डाव्या हातानं. उजव्या हातात बहिणीची दुर्बीण होती. ती ठेवायला जागा नव्हती, म्हणून डावा वापरला. जयसिंग एवढंच म्हणाला होता, "शंभू, तुझी बहीण एमेस्सी झाली आन् कुत्री राखाया बसली, व्हय?" खुर्चीतली चौघं हसली. मग दात पडले आन् हसणं थांबलं. त्या दिवसानंतर उरवड्यापासून पौडापर्यंत रेश्माला कुत्रीवाली म्हणायची कुणाची छाती झाली न्हाई. निदान शंभूच्या कानावर जाईल असं तरी कुणी म्हटलं न्हाई.

रेश्मा कोंडाजीची धाकटी. त्या घरात दहावीच्या पुढं कुणी गेलेलं न्हाई. थोरला शंभू नववीला तीन वर्षं बसला, शेवटी मास्तरांनीच हात जोडले. पण ही पोरगी यष्टीच्या आधी रस्त्यावर हजर. पुण्याला जाऊन प्राणिशास्त्र शिकली, फर्स्ट क्लास काढला. अख्ख्या मुळशी तालुक्यात असं डोकं दुसरं झालं न्हाई. कुणाला पटत नसंल त्यानं उरवड्याला यावं, शंभू घरीच असतो.

तिला डॉक्टर व्हायचं होतं. सुया टोचायचा डॉक्टर न्हाई. जनावर असं का वागतं, कशापायी चिडतं, कुणाला भितं, याचा अभ्यास करणारा डॉक्टर. त्याची मोठी संस्था बंगळूरला. २००७ साली ती तिथं मुलाखतीला गेली आन् तोंड पाडून परत आली. तिला एकच गोष्ट विचारली होती: "जनावरांसमोर किती दिवस बसलीस?" एक दिवसबी न्हाई. पुस्तकं सगळी पाठ, पण जनावरासमोर एक दिवस न्हाई.

मग ती पुण्यात हेमलताबाईंकडं गेली. बाईंचं वय साठीच्या आसपास, वीस वर्षं जंगलात काढलेली, बोलणं एकदम कोरडं. बाई म्हणाल्या, "वर्षभर रोज एकाच जनावरासमोर बस. दिसेल तेवढंच लिही. काम बरं झालं तर मी पत्र देईन. माझ्या पत्राशिवाय तिथे तुला परत कोणी बोलावणार नाही."

"कुठलं जनावर घेऊ, मॅडम? बिबट्या?"

"घरापासून चालत जाता येईल असं काय आहे?"

रेश्मानं थोडा इचार केला. "कुत्री."

"मग कुत्री."

घरी कोंडाजीनं हे ऐकलं आन् हातातला घास ताटात ठेवला. "सतरा वर्षं शाळा शिकवली ती कुत्र्यांसाठी?" आई तुळजाबाई मधी पडली म्हणून तेवढ्यावर भागलं. पण म्हाताऱ्यानं अट घातली. "पुढल्या जूनपातुर तुझं बंगळूर झालं तर झालं. न्हाईतर सूसचं स्थळ हाय, पोरगा कंपनीत हाय, हळद लावून मोकळं व्हायचं. मग रडायचं न्हाई."

"न्हाई रडणार, आबा," रेश्मा म्हणाली.

उरवड्यात कुत्र्यांचे दोन कळप. एक कंपन्यांच्या बाजूला, कॅन्टीनच्या उष्ट्यावर जगणारा, सात कुत्र्यांचा. त्यांचा म्होरक्या एक लांडा, शेपूट कुणीतरी कापलेलं, छाती रेड्यासारखी. दुसरा गावाकडचा, कोंबडीवाल्यांच्या पिसांवर पोसलेला, नऊ जणांचा. तितं कारभार एका तांबड्या कुत्रीचा. दोन्हीच्या मधी ओढा आन् ओढ्यावर सिमेंटची मोरी. रेश्मा रोज सकाळी सहा ते नऊ आन् दुपारी चार ते साडेसहा, मोरीपासून साठ पावलांवर मुरमाच्या एका ढिगावर बसायची. घड्याळ दर पाच मिनिटांनी वाजायचं, की कोण बसलंय, कोण हिंडतंय, कोण कुणावर गुरकावतंय ते लिवायचं. बाईंचे नियम कडक. खायला घालायचं न्हाई, हाकलायचं न्हाई, चुचकारायचं न्हाई, नाव ठेवायचं न्हाई. कुत्र्यांना नंबर होते, कंपनीकडच्यांना क, गावाकडच्यांना ग. नावं शंभूनं ठेवली. ग-तीन नंबरच्या तांबडीला तो पाटलीण म्हणायचा.

पहिल्या पंधरा दिवसांतच रेश्मानं नकाशा काढला. कुठलं कुत्रं कुठं मुततं, कुठून मागं फिरतं, त्यावरून रेघ मारली. रेघ बरोबर मोरीच्या मधून गेली. शंभूनं तो कागद बघितला मात्र, त्याला सगळं एकदम कळलं. चुलत्याच्या पोरानं चार वर्षांमागं बांध हातभर सरकवला होता, तवा शंभूनं त्याच्या डोक्यात फावडं घातलं होतं. सात टाके. बांध परत जागेवर आला.

"म्हंजी ही बी बांधासाठीच मरत्यात की गं!" तो म्हणाला.

"कोण कुठं कितीदा भिडतंय आन् कोण माघार घेतंय, तेच मोजायचं हाय दादा. अंगावर गेलेली, चावाचावी झालेली भांडणंच फक्त धरायची. मॅडम म्हणाल्या, तीस झाली तर काहीतरी सांगता येईल."

"तीसच? आपल्या भावकीत एका दिवाळीत व्हतील."

ती हसली. पण कुत्री भावकीसारखी सोपी नव्हती. लांब उभं राहून दात दाखवायची, भुंकायची, निघून जायची. खरी चावाचावी पंधरा पंधरा दिवस होत न्हवती.

झाली तवा मात्र बघवत न्हवतं. पौष महिन्यात पाटलिणीनं मोरीच्या अलीकडं, काट्यांखाली पाच पिल्लं घातली. एका सकाळी ती पिसांच्या ढिगाकडं गेली आन् लांडा मोरी ओलांडून आला. काही भुंकला न्हाई. काट्यांत तोंड घातलं, एक पिल्लू बाहेर काढलं, दोनदा झटकलं आन् टाकलं. दुसरं काढलं. तिसऱ्याचा आवाज रेश्माशेजारी बसलेल्या शंभूपर्यंत आला. शंभूनं धोंडा उचलला, त्याचा नेम अख्ख्या गावाला ठाऊक हाय, लांड्याचं टाळकं फुटलंच असतं. रेश्मानं त्याचं मनगट धरलं.

"खाली टाक."

"अगं मारतोय त्यो पोरांला!"

"दिसतंय मला. मी बघाया आलेय, सोडवाया न्हाई. तू धोंडा मारलास तर त्यो तुझ्या भ्यानं पळंल, पाटलिणीच्या न्हाई. मग मी काय लिवू?"

पाटलीण आली, लांड्याच्या नरड्याला लोंबकळली. तिचा कान फाटून अर्धा लोंबायला लागला तरी तिनं सोडलं न्हाई. लांडा लंगडत मोरीपलीकडं गेला. रेश्मा लिवत होती, आन् पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं होतं. त्या दिवशी ती जेवली न्हाई. पण वहीत एक अक्षर सोडलेलं नव्हतं, मिनिटासकट.

चैत्र आला तवा भांडणं एकोणीस झाली होती. अर्ज एप्रिलच्या शेवटी जायचा होता. जेवताना रेश्मा आईला म्हणाली, "अकरा कमी पडत्यात. आता काय व्हत न्हाईत एवढी." आई म्हणाली, "मग सूसचा पोरगा वाईट न्हाई गं." एवढंच बोलणं झालं. शंभू पलीकडं बसून भाकरी मोडत होता. त्याच्या मनानं घेतलं. आख्खी पोलीस चौकी ज्याला वचकून असते, त्याच्या बहिणीला अकरा भांडणं कमी पडावीत?

उरवड्याच्या जत्रेत दुसऱ्या दिवशी घराघरात बकरं पडतं. खाणं झालं की कोथळा, आतडी, खुर, जे काय उरतं ते ज्यानं त्यानं आपल्या उकिरड्यात खड्डा काढून पुरायचं. उघड्यावर टाकायचं न्हाई, कुत्री गोळा होत्यात आन् एकमेकांना फाडत्यात, म्हणून. ही रीत शंभूच्या आज्यापासूनची. त्या साली शंभू संध्याकाळी सहा घरं हिंडला. "माझ्याकडं द्या, मी पुरतो." लोकांनी दुवा दिला. दोन पोती भरली. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी ती दोन्ही पोती त्यानं मोरीच्या बरोबर मधी, खालच्या कोरड्या खळगीत, रेश्माच्या रेघेवर, उपडी केली. आन् बाभळीमागं जाऊन बसला. बहिणीला किती आनंद हुईल, याचाच इचार करत.

सहाला रेश्मा ढिगावर आली. मोरीच्या खळगीत काय पडलंय ते तिला तिथनं दिसत न्हवतं, वासावरनं तिला वाटलं कुणाचं वासरू मेलं असंल. सहा वाजून दहा मिनिटांनी पाटलीण आली. तिच्या मागं आठ. पलीकडनं लांडा आन् त्याची सगळी. आतड्याचं एक टोक लांड्याच्या तोंडात, दुसरं पाटलिणीच्या. मग ते आतडं राहिलं बाजूला. सोळा कुत्री एकमेकांत मिसळली, भांडत भांडत मोरीवर चढली. एकाचा पुढचा पाय हाडासकट बाहेर आला. एका काळ्याला तिघांनी उताणं पाडून पोट उघडलं, आन् ते तसंच, पोट ओढत, अजून चावत होतं. आवाज असा की कंपनीचा भोंगा ऐकू येईना. शंभू बोटं मोजत होता. सात. आठ. रेश्मा मान वर न करता लिवत होती. दहा. अकरा. बारा!

बारावं मोजलं आन् नरहरीची सायकल मोरीवर आली.

नरहरी त्यांच्याच चाळीतला भाडेकरू, लातूरकडचा, पहिल्या पाळीला निघालेला. रोज याच वाटेनं जायचा. घंटी वाजवत आला, कारण रोज घंटीवर कुत्री बाजूला व्हायची. त्या दिवशी ती रक्तानं माजलेली. लांड्यानं त्याची पोटरी धरली, सायकल आडवी झाली, आन् चार तोंडं नरहरीवर पडली. एक मांडीला, एक खांद्याला. त्यानं तोंड हातांत झाकलं तर हाताला.

शंभू बाभळीमागनं निघाला तो पायात काटे घेऊन पळाला. हातात लोखंडी पाईप. पहिला घाव लांड्याच्या पाठीवर, कणा मोडल्याचा आवाज आला. दुसरा डोक्यावर. लांडा तिथंच गेला. बाकीच्यांना त्यानं लाथांनी उडवलं, नरहरीला काखेत घेतलं आन् बोंब मारली. गावातनं माणसं दांडकी घेऊन आली. मग जे झालं ते कुणाला आवरलं न्हाई. कुत्र्यांना मोरीच्या कठड्यात कोंडून मारलं. रेश्मा "मारू नका, अवो मारू नका!" म्हणत मधी घुसली, तर एक दांडकं तिच्याच दंडावर बसलं. पाटलीण अर्ध्या कानानिशी पळत होती, तिला कुऱ्हाडीचा बोथट तुंबा लागला. सहा कुत्री मेली. वरती माणसं घाम पुसत उभी राहिली, जसं काय बांधाचा निकाल लागला.

रेश्मा खळगीत उतरली. खुर बघितले. कोथळे बघितले. पोतं उचललं. पोत्यावर लाल रंगात नाव होतं, बाजारात पोती बदलू नयेत म्हणून कोंडाजी सगळ्यांवर घालतो तसं: कोंडाजी, उरवडे.

ती वर आली. "दादा, हे काय हाय?"

शंभूला वाटलं जयसिंगचं नाव घ्यावं. जिभेवर आलंबी. पण पोतं तिच्या हातात होतं.

"तुझ्यासाठीच टाकलं गं. बारा झाली की! एकोणीस आन् बारा, एकतीस."

तिनं हातातलं लिवायचं पॅड दोन्ही हातांनी धरून त्याच्या तोंडावर हाणलं. एकदा, परत एकदा, मग छातीवर. अख्खं गाव बघत होतं. ज्याची तालमीत कुणी पाठ टेकवली न्हाई, तो शंभू हात खाली सोडून उभा राहिला. नाकातनं रक्त आलं. नरहरी मातीत कण्हत होता.

"आधी याला दवाखान्यात ने," ती म्हणाली. "मग माझ्याशी बोल."

अठ्ठावीस टाके पडले. इंजेक्शनं सुरू झाली. दुपारी शंभू घरी आला तर रेश्मा वही पुढ्यात घेऊन बसलेली, दंड काळानिळा.

"कुणाला कळतंय गं?" तो हळू म्हणाला. "बाई काय हितं यायच्यात? एकतीसचा आकडा हाय. जूनला तुझी हळद व्हईल त्यापरीस..."

"गाडी काढ."

"कुटं?"

"मॅडमकडं. आन् तूबी आत यायचं."

हेमलताबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग शंभूकडं वळल्या आन् विचारायला लागल्या. किती पोती, किती वाजता, मोरीच्या कुठल्या बाजूला. शंभू तोऱ्यात सांगत होता. सहा घरांचं, दोन पोती, चाळीस किलोच्या खाली न्हाई, बरोबर रेघेवर, एक बोट इकडं न्हाई.

"आणि तो माणूस?"

"अठ्ठावीस टाके."

"जगेल?"

शंभूचा तोरा तितं संपला. "व्हय," एवढंच म्हणाला.

"कुत्री किती गेली?"

"सहा," रेश्मा म्हणाली. "क-एक, क-चार, ग-दोन, ग-पाच, ग-आठ. आणि पाटलीण." मग तिच्या ध्यानात आलं. "ग-तीन."

बाईंनी बारा भांडणांवर रेघ मारली, एकेकावर वेगळी. बाजूला तारीख घातली. "यंदा पत्र नाही देत. ही शिक्षा नाही. तुझे कळप उरले नाहीत आणि अर्धवट वर्षावर मी कोणाला काही सांगू शकत नाही. दुसरे कळप घे, दुसरं वर्ष घे. आणि तीसचा आकडा विसर. तो मी बोलायला नको होता. होतील तेवढी मोज."

"दुसरं वर्ष मिळायचं न्हाई, मॅडम."

"ते मला देता येत नाही," बाई म्हणाल्या.

परत येताना चांदणी चौकात तिला उरवड्याच्या यष्टीत बसवून शंभूनं गाडी वळवली आन् सरळ सूसला गेला. स्थळाच्या ओसरीवर चप्पल घालूनच उभा राहिला. "आमची मुलगी यंदा द्यायची न्हाई. पुढल्या सालीबी न्हाई. दुसरी बघा." मुलाचा बाप उठला, "कोंडाजी कुटं हाय? त्यांनी शब्द दिलाय," म्हणाला. शंभू म्हणाला, "त्यो शब्द मी परत घेतला," आन् निघाला.

कोंडाजीला कळलं तवा म्हाताऱ्यानं गोठ्यातली काठी उचलली. शंभू अंगणात मधोमध जाऊन उभा राहिला. पहिली काठी पाठीवर, दुसरी मांडीवर. तुळजाबाई मधी आली, तिला त्यानं बाजूला केलं. "आये, हो मागं."

"माझा शब्द खाली पाडला!" कोंडाजी दर काठीला एकच बोलत होता. "माझा शब्द!"

"पाडला. तिचं वर्ष मी खाल्लं, ते तिला परत देतोय. काय मारायचं ते मारा."

अकराव्या काठीला काठी मोडली. म्हातारा तितंच खाली बसला आन् धापा टाकायला लागला. रेश्मा दारात उभी होती. तिनं पाणी आणलं, ते कोंडाजीला दिलं. शंभूला दिलं न्हाई.

तिनं त्याच्याशी दोन महिने बोलणं टाकलं. पण रोज पहाटं तिला भूगावला तोच सोडायचा, गाडीवर. तितं नव्या बिल्डिंगांची कामं चालू, वाळूच्या ढिगाऱ्यांवर दोन कळप. शंभूला शंभर पावलांच्या आत यायला बंदी. महिनाभर तो सकाळी नरहरीला इंजेक्शनला न्यायचा, मग परत येऊन आपल्या लांबच्या दगडावर बसायचा. एकदा साईटवरच्या वॉचमननं झोपलेल्या कुत्रीला सळईनं मारलं. डोळा बाहेर आला. शंभू उठला, वॉचमनच्या मानेवर हात पडलाच असता. रेश्मानं लांबूनच तळहात दाखवला. बस. तो बसला. वॉचमन सळई पुसत निघून गेला, आन् रेश्मानं वेळ लिवली, सात बावीस. शंभूच्या दातांतनं रक्त आलं, ओठ चावल्याचं.

वर्षाच्या शेवटी आकडा सतरा. उरवड्यापेक्षाबी दोन कमी. हेमलताबाईंनी वही तीन दिवस ठेवून घेतली आन् पत्र दिलं. पत्रात उरवड्याचंबी सगळं लिवलं होतं, मोरी, पोती, मेलेली कुत्री, भाऊ. रेश्मानं ते शंभूला वाचून दाखवलं. "भाऊ असं लिवलंय, नाव न्हाई," ती म्हणाली. "नाव लिवलं असतं तरी चाललं असतं," शंभू म्हणाला. आन् त्यावर दोघं पहिल्यांदा हसली.

बंगळूरला मुलाखत दीड तास चालली. २००९ च्या ऑगस्टात ती गेली.

परवा पिरंगुटच्या हॉटेलात एक नवा भाडेकरू, आयटी कंपनीतला, शंभूला म्हणाला, "तुमची बहीण बंगळूरला काय करते?"

"डॉक्टरकी. कुत्री का भांडत्यात त्याच्यावर."

"अच्छा. मग, का भांडतात?"

शंभूनं बशीतला चहा संपवला. "अजून ठरायचंय. पाच वर्षं लागतील. घाई असंल तर दुसऱ्या कुणाला इचारा."